शिट्टी वाजवू नये

४ जून

भाऊजी,

हा कागद पाकिटासकट फाडायचा असेल तर फाडा, पण आधी एवढं वाचा. कंपनी दोषी ठरली. उच्च न्यायालयात, काल दुपारी. ऐकीव बातमी नाही ही, मी स्वतः बाकावर बसून ऐकलं. तुमची पुतणी शेजारी होती. औषधांच्या दुकानातून तिने रजा काढली होती, आणि मालकाने तोंड वाकडं केलं म्हणे. करू दे.

समोर तोच कंपनीचा उंच वकील. खालच्या कोर्टात त्याने काय विनोद केला होता ते तुम्हाला आठवत असेल. ‘कंपनीला बेड्या घालायच्या म्हणता, पण मनगट कुठे शोधणार?’ तेव्हा सगळं कोर्ट खो खो हसलं होतं. शिपाईसुद्धा हसला होता. मला मात्र उठून त्याच्या काळ्या कोटावर शाई ओतावीशी वाटली होती. काल त्याने तोच विनोद पुन्हा काढला आणि कोणी हसलं नाही. शिळा विनोद शिळ्या भातापेक्षा वाईट, तो परतूनही घेता येत नाही.

दोघे न्यायाधीश होते. त्यातले म्हातारे सारखे डोळे मिटून बसायचे, मला वाटलं झोपले. तर निकाल त्यांनीच वाचला. म्हणाले, जिथे फाटक नाही तिथे शिट्टी वाजलीच पाहिजे असं कायदा म्हणतो, आणि ती वाजते की नाही हे बघणं जो रेल्वे चालवतो त्याचं काम. ड्रायव्हर हा त्याचा हात. कंपनीला मन नाही म्हणून गुन्हा नाही, हे खालच्या कोर्टाचं म्हणणं त्यांनी खोडून काढलं. पुढचं वाक्य मी घरी येईपर्यंत घोकत आले. ‘नफा घेताना कंपनीला हात असतात, तर शिक्षा घेताना पाठ नाही असं म्हणता येणार नाही.’ अहो, वाक्य आहे की काय! म्हाताऱ्याच्या हाताचा मुका घ्यावासा वाटला.

मी तिथे रडले नाही. घरी येऊन कांदा चिरायला घेतला, आणि मग काय व्हायचं ते झालं.

कंपनीला दंड झाला. आकडा लिहीत नाही, लिहिण्यासारखा नाही. वळणावर पुन्हा फाटक बसवायचं, शिट्टी पुन्हा सुरू करायची, हेही सांगितलं आहे. इतकी वर्षं चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. आता निदान चोराला चोर तरी म्हटलं कोणीतरी.

आता तुमचं. सरकारी वकिलांच्या जोडीला ज्या वकीलबाई आपल्या बाजूने उभ्या होत्या, त्यांनी मला बाहेर पायऱ्यांवर थांबवलं. म्हणाल्या, ‘कंपनीला दोष लागला म्हणून तुमच्या दिरांची शिक्षा आपोआप पुसली जात नाही. खालच्या कोर्टात त्यांनी स्वतःच सांगितलंय, मी शिट्टी द्यायला विसरलो. वर अपीलही केलं नाही. आता त्यांनी यावं, अर्ज करावा आणि खरं काय घडलं ते सांगावं. पण दीड महिन्याच्या आत. नंतर दार बंद.’

तुरुंग तुमचा भोगून झाला, तो काही परत मिळत नाही. पण नाव मिळेल. कॉलनीत अजून कुजबुज चालते, भावाच्या गाडीखाली भाऊ गेला. त्यांनी कुजबुजायचं, तर मी मोठ्याने म्हणते. हो, माझा नवरा माझ्या दिराच्या गाडीखाली गेला, आणि माझ्या दिराने त्याला मारलं नाही. भाजीवाल्याच्या गाडीवर म्हटलं, पाण्याच्या नळावर म्हटलं. पण माझं म्हणणं कोर्टात चालत नाही. तुमचं चालतं.

या, भाऊजी. तुमची खोली तशीच आहे. तशीच म्हणजे तुमच्या पुतणीने तिथे शिवणयंत्र ठेवलंय, पण सरकवता येतं.

तुमची वहिनी

१५ जून

भाऊजी,

उत्तर नाही. टपालवाला आता मला दारात बघितलं की सायकल पलीकडच्या गल्लीत घालतो. त्याला वाटतं पत्र न येणं हा त्याचाच अपराध आहे आणि मी त्याला धरून मारीन. मारलंही असतं परवा.

सुटल्यावर तुम्ही कामाला लागलात त्या गोदीत पत्रं उशिरा पोचत असतील असं मी लेकीला सांगते. ती नुसती भुवई वर करते. ती भुवई कोणाची ते तुम्हाला सांगायला नको. हे असेच करायचे.

या निकालाने एक वाईट केलं. इतके दिवस मी राग राग करून दिवस ढकलत होते, त्यामुळे बाकी काही आठवायला फुरसत नव्हती. आता राग उतरला आणि सगळं आठवत बसलेय. काल तर दुपारभर फडताळ पुसत बसले होते. पुसून झालेलंच पुसत होते.

लग्न होऊन मी त्या क्वार्टरमध्ये आले तेव्हाचं आठवतं का? दोन खोल्या, मागे रूळ. मी चहा ओतत होते आणि फळीवरचे कप आपोआप चालायला लागले. एकामागून एक, कडेकडे. मी किंचाळले. हे कामावर होते. तुम्ही हाफ पँटीत, तोंडात पेन्सिल. वहीतून मानसुद्धा वर न करता म्हणालात, ‘घाबरू नका वहिनी, मालगाडी आहे. रिकामी आहे.’ मला नवल वाटलं, न बघता रिकामी कशी कळली? तर म्हणालात, ‘रिकामे डबे बडबडतात, भरलेले गप्प जातात. माणसांसारखं.’ एवढंसं पोर आणि बोलणं बघा! त्याच दिवशी मी कपांखाली जुनं पातळ फाडून घातलं आणि त्याच दिवशी ठरवलं, हा दीर आपल्याला चालेल.

आणि ती आपली बोलण्याची रीत. गाडी आली की वाक्य जिथे असेल तिथे थांबायचं, गाडी गेली की तिथूनच पुढे. माझी आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा यांनी तिला विचारलं, ‘तुमची तब्येत’, आणि एक्स्प्रेस आली. सगळे आपले गप्प, एकमेकांकडे बघत. तिला वाटलं जावयाला झटका आला, ती पाण्याचा तांब्या घेऊन धावली. गाडी गेल्यावर हे शांतपणे म्हणाले, ‘कशी आहे?’ आई मरेपर्यंत ती गोष्ट सांगायची.

तुम्ही यांच्याच हाताखाली शिकलात. आधी इंजिनांची पुसापुशी, मग असिस्टंट, मग स्वतःची गाडी. पहिल्यांदा एकट्याने पॅसेंजर आणलीत त्या संध्याकाळी वळणावर एक लांब शिट्टी झाली आणि मागून एक अगदी छोटी, उचकी लागल्यासारखी. मला लगेच कळलं. लांब कंपनीची, छोटी माझी. म्हणजे चहा टाका, आलोच. तुम्ही गाडी सोपवून, सही करून, चालत घरी पोचेपर्यंत चहा उकळलेला असायचा. हे कुरकुरायचे. ‘शिट्टी गाडीच्या कामासाठी असते, चहासाठी नसते.’ आणि कुरकुरत स्वतःच तीन कप काढून ठेवायचे. मी नुसती बघायची.

आपण सगळे रूळ कानाने ओलांडायचो. बाहेरचा माणूस आला की तो आधी इकडे बघणार, मग तिकडे बघणार, मग जीव मुठीत धरून पळत सुटणार. आपल्यापैकी कोणी मान वळवल्याचं मला आठवत नाही. नुसती जरा कलती करायची. बघून ओलांडतो तो पाहुणा, ऐकून ओलांडतो तो घरचा, असं तुमचे दादाच म्हणायचे. आणि बघून उपयोग तरी काय होता? वळण असं, की डोंगर कापून काढलेल्या भिंतीआडून गाडी अंगावर येईपर्यंत दिसतच नाही. शिट्टी ऐकली की थांबायचं, नाही ऐकली की चालायचं. आमची लेक चालायला शिकली तेव्हा तिलाही आम्ही हेच शिकवलं. आता विचार केला की अंगावर काटा येतो.

मग पलीकडे त्या उंच इमारती झाल्या, गॅलऱ्यांच्या. त्यांची झोपमोड व्हायला लागली. आपल्या तीन पिढ्या त्या आवाजात जन्मल्या, झोपल्या आणि मेल्या, पण झोपमोड झाली ती त्यांची. आधी फाटक गेलं आणि फाटकवाल्याला गोदामात बसवलं. मग एक दिवस शिट्टीचा खांबही गेला, तो पाटीवाला, जो दिसला की ड्रायव्हरने शिट्टी द्यायचीच. आणि तुमच्या ड्रायव्हरांच्या खोलीत फोरमन येऊन म्हणाला, ‘वरून आलंय, वळणावर वाजवू नये. लेखी काही नाही. समजून घ्या.’ हे तुम्हीच मला जेवताना सांगितलंत, तेव्हा तुमचा घास हातातच राहिला होता.

त्या खांबाचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक नसेल. कोर्टात कंपनी म्हणाली, आम्ही खांब काढलाच नाही, वादळात पडला असेल, आम्हाला काय ठाऊक. वकीलबाई माझ्याकडे कागदांवर सह्या घ्यायला आल्या होत्या. मी चादरी वाळत घालत होते. बाई चहाचा कप हातात धरून बघतच राहिल्या. ‘हा दोरीचा खांब कुठून आणलात हो?’ मी म्हटलं, ‘आमच्या यांनी आणला. रुळाच्या कडेला टाकून दिला होता, फुकट जात होता.’ तुमच्या दादांना काहीही फुकट गेलेलं बघवायचं नाही, वाकडा खिळासुद्धा. बाईंनी कप खाली ठेवला आणि खांबाच्या बुडाशी चक्क जमिनीवर बसल्या. खांब करवतीने कापलेला होता. सरळ, स्वच्छ, एका रेघेत. वादळाकडे करवत असते का? आणि पाटी कुठे म्हणून विचारलं, तर ती माझ्या पाण्याच्या पिंपावर झाकण! इतकी वर्षं मी कंपनीच्या गुन्ह्यावर चादरी वाळवत होते आणि मला पत्ता नाही. काखेत कळसा म्हणतात तो हा.

वरच्या कोर्टाने त्यावरून पुन्हा साक्षी घ्यायला लावल्या. निवृत्त झालेले दोन ड्रायव्हर उभे राहिले, फोरमन काय म्हणाला ते त्यांनी शपथेवर सांगितलं. खांब कोर्टात जमा झाला. माझी दोरी सध्या खिडकीच्या गजाला बांधलेली आहे, फार लोंबते.

वकीलबाई आता एकच विचारतात. ‘हुकूम होता, हे बाकीच्यांनी सांगितलं. मग तुमचे दीर का म्हणाले नाहीत? ते विसरलो का म्हणाले?’ मी म्हटलं, त्यांनाच विचारा. तर विचारतेय.

वहिनी

२४ जून

भाऊजी,

कार्ड मिळालं. टपालवाला अंगणात येऊन नाचायचाच बाकी होता. ‘कंपनीला शिक्षा झाली, समाधान वाटलं. माझं राहू द्या. मी विसरलो होतो हेच खरं आहे. प्रकृतीस जपा.’ एवढंच. जपतेय की प्रकृतीला. तुमचं कार्ड वाचून रक्तदाब कुठे पोचला ते लेकीला विचारा.

खोटारडे आहात तुम्ही.

लहानपणी दुधावरची साय खाऊन मांजरावर ढकलायचात तेव्हाही तुमच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. कोर्टात ‘विसरलो’ म्हणालात तेव्हा मी तुमच्या कानांकडेच बघत होते. लालभडक. मी तेव्हाच ओळखलं, आणि मला कारणही ठाऊक होतं. कारण हे गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी आतच होते.

तुम्हाला वाटलं मी नळावर गेलेय. गेले होते, पाणी आलं नव्हतं, परत आले. मागच्या दाराने. तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत. यांच्या हातात बुटाचा ब्रश होता. निवृत्त होऊन इतके दिवस झाले तरी रोज संध्याकाळी बूट चकचकीत करायचे, जसं काही सकाळी ड्युटी आहे.

फोरमनने तुम्हाला त्या दिवशी दम दिला होता. सगळे वळणावर गप्प जातात, तू एकटाच वाजवतोस. पुन्हा वाजवलीस तर इंजिनावरून खाली. ते कॉलनीभर झालं होतं आणि यांच्या कानावर आलं होतं.

हे म्हणाले, ‘हुकूम आहे ना?’

तुम्ही म्हणालात, ‘तोंडी आहे.’

‘तोंडी म्हणजे हुकूम नाही का? मी आयुष्यभर तोंडी हुकमावर गाड्या चालवल्या.’

‘दादा, वळणावर वाजवली नाही तर एखाद दिवशी माणूस जाईल. उतारावर गाडी नुसती वाहत येते, आवाज होत नाही. नवीन इंजिनं तर मांजरासारखी येतात.’

‘वरच्यांना हे कळत नाही असं वाटतं तुला? त्यांनी काही विचार केला असेल. पटला तेवढाच पाळायचा, तर त्याला हुकूम कशाला म्हणायचं? आणि खरं सांग, माणसं मरतील म्हणून वाजवतोस, की तुझ्या वहिनीच्या चहासाठी?’

काय बोलणार होतात? दोन्हीसाठीच होती ना ती.

मग यांनी ब्रश ठेवला. मी दाराच्या फटीतून बघत होते. आवाज एकदम खाली आला. ‘हे बघ, या कंपनीत आपल्या नावाला अजून डाग नाही. मी लावला नाही, तू लावू नकोस. उद्यापासून वळणावर हात शिट्टीकडे जायचा नाही. शब्द दे मला.’

आणि तुम्ही म्हणालात, ‘बरं, दादा.’

मी आतल्या आत चरफडले. दार ढकलून बाहेर यावं आणि दोघांना चांगलं खडसवावं असं वाटलं. पण भावाभावांत वहिनीने पडू नये म्हणून परत नळावर गेले. एवढं सगळं त्या संध्याकाळी झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हे रुळापलीकडे केस कापायला गेले.

न्हावी सांगतो, मजेत होते. त्याला म्हणाले, ‘कानावरचे नीट काप, ऐकू आलं पाहिजे.’ परत येताना रुळाशी पोचले, नेहमीसारखी मान कलती केली असणार. शिट्टी नाही. तुमची गाडी तर रोज वाजायची, म्हणजे गाडी नाही. आयुष्यभर असंच ओलांडत आले. भाऊजी, हुकूम यांच्या डोक्याने दिला होता. यांच्या कानांना कोणी कळवलंच नव्हतं.

हे असं मरण आपल्याच माणसांना येऊ शकतं. गॅलरीतला कोणी असता तर त्याने आधी डोळे फाडून बघितलं असतं आणि वाचला असता.

तर तुम्ही ‘विसरलो’ का म्हणालात ते मला त्याच क्षणी कळलं. खरं सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, रोज वाजवत होतात मग त्याच दिवशी का नाही? आणि मग दादांचं नाव निघालं असतं. तो उंच वकील हसत म्हणाला असता, ‘म्हणजे मृताने स्वतःच सांगितलं होतं म्हणा की!’ कॉलनीने म्हटलं असतं, म्हातारा आपल्याच हट्टाने मेला. ते होऊ नये म्हणून तुम्ही विसराळू झालात. तुम्ही, ज्यांना रिकामी मालगाडी कानाने कळते!

मीही गप्प राहिले. मला कोणी विचारलं नाही, आणि तुम्ही जे झाकलंत ते मी कसं उघडं करणार? दोघं मिळून आपण यांच्यावर पांघरूण घालून बसलो. मी इथे, तुम्ही तिथे. पण भाऊजी, पांघरुणाखाली तुमचाही जीव घुसमटतोय, आणि ज्याच्यावर घातलंय त्याला थंडी वाजत नाही आता.

निकाल लागल्यापासून मी एक गोष्ट मनात उलटीपालटी करतेय. नीट लिहिता येईल का बघते. म्हातारे न्यायाधीश म्हणाले, कंपनीला तोंड नसतं, ती कोणाच्या तरी तोंडाने बोलते. फोरमन बोलला तर ती कंपनीच बोलली. मग मला सांगा, त्या संध्याकाळी बुटाचा ब्रश हातात घेऊन कोण बोलत होतं? हे बोलत होते? तुम्हाला सायकल शिकवताना मागे धावणारे, तापात रात्रभर उशाशी बसणारे? तुम्ही मॅट्रिकला नापास झालात तेव्हा तुमच्याआधी स्वतः रडणारे? अहो, हे यांचं बोलणंच नव्हतं. आयुष्यभर ज्यांचे हुकूम ऐकले, त्यांचाच आवाज यांच्या गळ्यात जाऊन बसला होता. यांच्या तोंडून कंपनीच बोलली, भाऊजी. आणि कंपनी दोषी ठरलीय. तुम्ही सुटलात, आणि हेही सुटले. मला तरी निकालाचा अर्थ असाच लागला. वकीलबाईंना विचारायला जातेय, पण त्या काहीही म्हणाल्या तरी मी माझा अर्थ सोडणार नाही.

माणूस एकदा चुकला म्हणून लहान होत नाही. तुम्ही यांना फार लहान समजलात, म्हणून लपवलंत. मी यांची बायको आहे, मला ठाऊक आहे हे किती मोठे होते. एवढी चूक यांच्यात सहज मावते.

वहिनी

२ जुलै

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. कार्ड नाही, पत्र. चार ओळींचं का होईना. टपालवाल्याला मी लाडू नाही पण पाणी दिलं.

लिहिता, ‘वहिनी, तुम्ही आत होतात हे मला कधीच कळलं नाही. कळलं असतं तर तुमच्या तोंडाकडे बघायला एवढा भ्यालो नसतो. पण दादांचं नाव कोर्टात नको. आणि मी कोणत्या तोंडाने येऊ?’

शेवटचं आधी. जे तोंड आहे तेच घेऊन या. धुतलेलं असलं म्हणजे झालं.

आता नावाचं. आधी मी लेकीला सांगितलं. वडिलांची गोष्ट मुलीला सगळ्यांत आधी कळायला हवी, कोर्टाला मागाहून. शिवणयंत्रावर बसली होती, हात थांबला. मला वाटलं माझं चुकलं. मग म्हणाली, ‘बाबा असेच होते गं. मला सांगायचे, मास्तर चुकीचं शिकवत असले तरी आधी वहीत उतरवून घे, नंतर शंका विचार.’ आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं. आम्ही दोघी खूप रडलो. इतकी वर्षं यांच्यासाठी रडताना मधे काहीतरी अडायचं, काल अडलं नाही. मग ती म्हणाली, ‘काका एकटे हे घेऊन तिकडे बसलेत? इतकी वर्षं?’ आणि उठून तिने शिवणयंत्र तुमच्या खोलीतून ओढत बाहेर काढलं. एकटीने. फरशीवर चरा पडलाय.

मग आम्ही वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला. माझा निकालाचा अर्थ सांगितला तर म्हणाल्या, ‘कायद्यात हे असंच बसत नाही, पण तुम्ही चुकीचं बोलताय असं मला म्हणवत नाही.’ त्यांच्या मते तुम्ही रोज वाजवत होतात, दम मिळाला, घरातल्या मोठ्यांनीही हुकूम पाळ म्हणून सांगितलं, एवढं खरं सांगितलं तर अर्ज उभा राहतो. मी साक्ष देणार आहे. यांचं नाव मीच घेणार, तुम्हाला घ्यावं लागणार नाही. आणि त्या उंच वकिलाने त्यावर विनोद केलाच, तर मी आहे आणि तो आहे.

पण अर्जावर सही तुमची लागते आणि उभं तुम्हालाच राहावं लागतं. वेळ फार उरलेला नाही.

तुम्ही येणार नाही हे मला ठाऊक आहे. पत्र लिहाल, कार्ड लिहाल, तारीख निघून जाईल आणि मग म्हणाल, आता काय उपयोग. तुम्हाला मी वाढवलंय, भाऊजी. म्हणून मीच न्यायला येतेय. परवाच्या गाडीने निघते, तेरवा सकाळी तुमच्याकडे. लेक म्हणाली, ‘आई, तू गाडीत बसणार?’ कारण त्या दुपारनंतर मी कधी बसले नाही. म्हटलं, बसते. गाडीने माझं काय वाकडं केलंय?

तुमच्या दादांनी शेवटचा हुकूम दिला तो तुम्ही पाळलात. त्याची किंमत तुम्ही मोजलीत, मी मोजली, त्यांनी तर मोजलीच. आता या घरात मोठी मीच आहे, तेव्हा माझाही एक ऐका. त्यांच्या शब्दाखातर गप्प बसलात ना, आता माझ्या शब्दाखातर बोला. कोर्टात तर बोलाच. पण आधी स्टेशनवर.

मी शेवटच्या डब्यात असेन. चष्मा बदलायला झालाय, गर्दीत माणसं ओळखू येत नाहीत, आणि तुम्हीही आता पूर्वीसारखे दिसत नसाल. तेव्हा मी तुम्हाला शोधत बसणार नाही, तुम्हीच हाक मारा. मोठ्याने मारा, भाऊजी. कोणाची झोप मोडली तर मोडू दे.

वहिनी